पाहा, सुधारा, पुन्हा लिहा

३ मार्च १९७५, सोमवार

सहा ओळींचं पत्र आज चौथ्यांदा परत आलं. वाडीच्या सहा नंबरच्या गोदामाचं छप्पर गळतं, पावसाळ्याच्या आत पत्रे बदला, एवढंच त्यात होतं. पहिल्यांदा समासात लाल पेन्सिलीनं 'पाहा' असं लिहून आलं. दुसऱ्यांदा 'सुधारा', तिसऱ्यांदा 'पुन्हा लिहा' आणि आज परत 'पाहा'. पावसाळ्याच्या आत पत्र निघालं तरी पुष्कळ झालं, छपराचं नंतर बघू.

हे शेरे मारणारे गृहस्थ म्हणजे आमचे हेडक्लार्क मधुकरराव खानझोडे. तीस एप्रिलला निवृत्त होतात. त्याच दिवशी माझं दोन वर्षांचं प्रोबेशन संपतं. त्यांनी माझा अहवाल त्या दिवसापर्यंत साहेबांकडे पाठवला तर मी कायम. नाही पाठवला तर आणखी एक वर्ष लोंबकळायचं, आणि नवा हेडक्लार्क येईल त्याची मर्जी सांभाळायची. साहेबांनी आज सगळ्यांदेखत विचारलं, "मधुकरराव, प्रेमिलाबाईंचा अहवाल?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मसुदा चालू आहे."

सहा ओळींच्या छपराला चार खेपा, तर माझ्यासारख्या अख्ख्या बाईला किती? म्हणून ही वही काढली. आईला सांगितलं तर ती जेवणार नाही, आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझं पोट दुखतं.

६ मार्च

दादाजी आमचे दफ्तरी. फायली शिवतात, कागद पोचवतात, रद्दी जाळतात आणि मधुकररावांना तीस वर्षांपासून ओळखतात. आज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ कुरकुर केली, तर डब्यातली भाकर मोडत म्हणाले, "तू सगळे शेरे एकच समजून राहिली पोरी. 'पाहा' म्हंजे चूक एकच हाये, पन ते सांगनार नाई, तूच शोध. 'सुधारा' म्हंजे चूक नाई, पन मजा बी नाई. 'पुन्हा लिहा' म्हंजे कागद फाड अन् घरून नवं डोकं घेऊन ये."

"आणि 'दुरुस्त करा'?"

"ते सगळ्यात कठीन. जेवढं मोडलं तेवढंच नीट कराचं. बाकीच्याले हात लावाचा नाई. नव्या पोरायले जमतच नाई ते. एक खिळा ठोकाले सांगा, भित रंगवून येतेत."

सगळ्यांच्या वर म्हणे 'स्वच्छ प्रत' असा एक शेरा आहे. म्हणजे मसुदा झाला, आता कोऱ्या कागदावर उतरवा आणि पाठवा. मी विचारलं, तो कोणाला मिळालेला तुम्ही कधी पाहिला का? दादाजींनी बराच वेळ आठवून पाहिलं. "हाव, सत्तर साली भेटला होता एकाले. मंग त्याची बदली झाली."

संध्याकाळी आईला हे सांगितलं. आमच्या इंदोरा वस्तीतल्या अर्ध्या बायांचे ब्लाउज माझी आई शिवते, त्यामुळे तिला यात काही नवल वाटलं नाही. "आमच्यात बी तसंच हाये. रफू येगळं, ठिगळ येगळं, अन् उसवून शिवनं येगळं. बाईले रफू पायजे असते अन् शिकाऊ पोरगी सारंच उसवून बसते." हे बोलताना तिनं सुई माझ्यापुढे धरली. दोरा ओवायला आता मी लागते. मी कायम झाले की मशीन बंद, असं आमचं ठरलं आहे. म्हणजे माझं ठरलं आहे, तिचं नाही.

१२ मार्च

घ्या! मधुकररावांचं मानपत्र मी लिहायचं.

मनोहरराव साहेब भला माणूस, समोर येईल त्या कागदावर सही करतात. आज मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. माझा जीवच गेला. तर म्हणाले, "निरोपाच्या दिवशी वाचायचं, मग काचेच्या फ्रेममध्ये घालून द्यायचं. तुमचं अक्षर चांगलं आहे. मधुकररावांना मात्र कळू देऊ नका." ज्याच्या मुठीत माझी मान, त्याच्याच गळ्यात मी हार घालायचा. नाही कसं म्हणणार? हो म्हणाले.

आमच्या टंकलेखिका शामलाबाईंनी लगेच मागच्या तीन निवृत्तांची मानपत्रं काढून दिली. तिन्ही माणसं कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, अजातशत्रू आणि कुटुंबवत्सल. एकात तर आधीच्या माणसाचं नाव बदलायचंच राहिलं होतं. "कुणाले समजलं बी नाही," शामलाबाई म्हणाल्या. "उलट त्याच्या बायकोच्या डोळ्यात पाणी आलं."

१७ मार्च

शामलाबाईंच्या नमुन्यावरून मानपत्र लिहिलं. साहेबांनी अर्ध्या मिनिटात वाचून "वा! छान!" म्हटलं. माझं काम संपलं होतं. पण कागद घेऊन बाहेर आले आणि काही चैन पडेना. वाईट खोड लागली आहे मला या दोन वर्षांत. कागदावर कुठे लाल दिसलं नाही की तो कच्चाच वाटतो. आणि या कार्यालयात कच्चं काय नि पिकलं काय, हे एकाच माणसाला कळतं. तोच नेमका याच कागदाचा सत्कारमूर्ती!

दुपारभर विचार केला आणि चार वाजता डोकं चाललं. नाव बदलून टाकलं. 'श्री. केशव ढोबळे, भांडारपाल, कळमना गोदाम, यांस सेवानिवृत्तीनिमित्त'. असा माणूस या भूतलावर नाही. हेडक्लार्क तीस वर्षांत गोदामाकडे फिरकलेले नाहीत, त्यांना काय पत्ता लागतो! मसुदा त्यांच्या ट्रेमध्ये सगळ्यात खाली सरकवला आणि देवाचं नाव घेण्याची आमच्या घरी पद्धत नाही म्हणून नुसतीच डोळे मिटून बसले.

१९ मार्च

आला परत. लालच लाल.

'कर्तव्यदक्ष': सर्वांना लिहितात, म्हणून कोणालाच लिहू नये. 'मनमिळाऊ': कोणाशी? नावे द्या. 'अजातशत्रू': चौकशी करा. आणि 'कुटुंबवत्सल' या शब्दावर नुसती आडवी रेघ, ती इतकी दाबून ओढलेली की कागद फाटला. पुढे शेरा काही नाही. गरीब बिचाऱ्या ढोबळ्यांच्या घरचं यांना काय ठाऊक? ढोबळे तर मीच परवा चार वाजता जन्माला घातले!

खाली 'पुन्हा लिहा'. पण खरं सांगू का, हायसं वाटलं.

२५ मार्च

आज टपालात मधुकररावांच्या नावानं एक अंतर्देशीय पत्र होतं. सावनेरचा शिक्का, अक्षर बाईचं. त्यांनी ते दोनदा वाचलं, ड्रॉवर उघडला, आतल्या एका गठ्ठ्यावर ठेवलं आणि कुलूप लावलं. मग कोरा कागद पुढे घेतला. अर्धा तास टाक चालला होता. शेवटी त्या कागदावर त्यांनी स्वतःच लाल पेन्सिलीनं काहीतरी मारलं आणि तोही ड्रॉवरमध्ये गेला. हा माणूस स्वतःलाही शेरे मारतो, हे मला नवीन होतं.

दादाजींना विचारलं. म्हणाले, "दोन-तीन महिन्यानं येते थे पत्र. सहा वर्सं झाले."

सहा वर्षं आणि सावनेर म्हणजे शेतीचाच वाद. तिकडे सगळ्यांचे बांधावरून दावे चालू असतात. मी तसं म्हटलं, तर दादाजी फायलीची गाठ मारत म्हणाले, "हाव, दावाच समज."

२ एप्रिल

'नावे द्या' असं म्हटल्यावर नावं शोधणं आलं. म्हणून गेले आठ दिवस मी एकेकाला गाठून विचारते आहे, मधुकररावांनी तुमचं कधी काही भलं केलं का? बहुतेकांनी आधी हसून घेतलं. साहेब म्हणाले, आठवून सांगतो. पण दादाजींनी एक गोष्ट सांगितली.

दादाजींच्या सेवापुस्तकात जन्मतारीख चुकीची होती. शाळेत घालताना गुरुजींनी पोराच्या दाताकडे पाहून सन टाकून दिला होता. त्या सनानं दादाजी दोन वर्षं आधीच घरी बसले असते. मधुकररावांनी गावाहून दाखले मागवले, मुख्य कार्यालयाला पत्रामागून पत्र लिहिलं, आणि तारीख बदलून आणली. "मी सांगतलं बी नव्हतं त्यायले," दादाजी म्हणाले. "माहं सेवापुस्तक पाहता पाहता त्यायनंच धरलं. मी थँक्यू म्हनाले गेलो तं मले म्हनतेत, रजेचा अर्ज दुरुस्त करून आन."

हे इतकं चांगलं होतं की मी ते तसंच मसुद्यात घातलं. 'एका दफ्तरीबंधूंच्या जन्मतारखेसाठी त्यांनी चार वर्षे पत्रव्यवहार केला.' आता भांडारपालाचा आणि जन्मतारखेचा संबंध काय, हे ट्रेमध्ये कागद टाकून झाल्यावर लक्षात आलं. तोवर त्यांनी तो उचलला होता.

४ एप्रिल

दोन दिवस मी त्यांच्या ट्रेकडेच पाहत होते. आज कागद आला. शेरा असा: 'चार वर्षे नव्हे, तीन वर्षे सात महिने. दुरुस्त करा.'

बस्स! आपण केलेलं काम कोण्या ढोबळ्यांच्या नावावर चाललं आहे, याचं त्या माणसाला काही नाही. पाच महिने जास्तीचे पडले, याचं आहे. अशा माणसाला काय म्हणावं? मी दुरुस्त केलं. फक्त तेवढंच, दादाजी म्हणाले तसं.

९ एप्रिल

"मधुकरराव, तो अहवाल?"

"मसुदा चालू आहे."

आज मला राहवेना. शिक्का आणायला त्यांच्या टेबलाकडे गेले, तर ते साहेबांकडे गेलेले आणि ड्रॉवर अर्धा उघडा. हात लावला नाही, पण डोळे काही मी बांधून ठेवलेले नाहीत, ते जातात तिकडे जातात. वरच्याच कागदावर माझं नाव होतं. 'श्रीमती प्रेमिला रामटेके यांचे काम', आणि त्यावर तिरपं, लाल, 'पुन्हा लिहा'.

दादाजींना गाठलं. त्यांनी आधी सांगायचंच नाकारलं. गोपनीय म्हणजे गोपनीय. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "वाचलं नाई मी. पन तुह्या नावाचे नऊ कागद जाळले आतापावेतो."

नऊ! माझ्याबद्दल एवढं वाईट लिहायचं आहे की शब्द पुरत नाहीत? वाईट तर वाईट, लिहा आणि पाठवा. निदान प्रतिकूल शेरा असला की नियमानं लेखी कळवावा लागतो, त्यावर माणूस भांडू तरी शकतो. न निघालेल्या कागदाशी कोणी कसं भांडायचं? बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाईनं जागा सरकवून दिली, त्यामुळे आणखी आलं.

१४ एप्रिल

जयंती. सुट्टी. सकाळपासून वस्तीत निळे झेंडे आणि पांढरी लुगडी. आईचे हात काल संध्याकाळपर्यंत मशीनवरच होते. बावीस पांढरे ब्लाउज, आणि सगळ्यांना आज सकाळी अंगात पाहिजेत. मीही हूक लावायला बसले होते. एका ब्लाउजचा डावा खांदा मला किंचित उतरलेला वाटला. मी म्हटलं, आई, हा उसवून परत घालायचा का?

आईनं दातांनी दोरा तोडला आणि तो ब्लाउज घडी करून गठ्ठ्यावर ठेवला.

"कोनताच ब्लाउज पुरा होत नाई, पोरी. तेरा तारीख येते म्हनून पुरा होते."

आज मिरवणुकीत तो ब्लाउज मी शोधून काढला. शेजारच्या यमुताईंच्या अंगात होता. त्या दोन्ही हात वर करून इतक्या जोरात घोषणा देत होत्या की खांदा कुठला डावा नि कुठला उजवा, कोणाला दिसणार होतं?

२१ एप्रिल

आठवा मसुदा. आता त्यात विशेषण एकही उरलं नाही. दादाजींची जन्मतारीख आहे. शामलाबाईंच्या पहिल्या पत्रावर सतरा शेरे आले होते आणि आज त्यांच्या हातचं टंकलेखन मुख्य कार्यालयात नमुना म्हणून लावलं आहे, हे आहे. 'त्यांनी कोणाचीही तोंडावर स्तुती केली नाही व पाठीमागे निंदा केली नाही' हे आहे. ते साहेबांनी सांगितलं, आणि विचार केल्यावर मलाही पटलं. लिहिताना मला रागच येत होता. ज्या माणसाचा राग धरून दोन महिने काढले, तो माणूस मसुद्यागणिक बरा होत चाललाय.

पण नऊ दिवस उरले आहेत आणि माझा कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. आज शेवटी पेन आपोआप चाललं. मी लिहिलं: 'त्यांच्या हातून गेलेला प्रत्येक कागद निर्दोष असे. जे कागद त्यांच्या हातून गेलेच नाहीत, त्यांची या कार्यालयात नोंद नाही.'

भांडारपाल केशव ढोबळ्यांचे कसले कागद नि कसलं काय! पण आता मला त्याचीही पर्वा नव्हती. ट्रेमध्ये वरच ठेवला.

२३ एप्रिल

दोन दिवस कागद त्यांच्याकडेच होता. आज जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलावर आला. मी आधी उलटा केला, मग सुलटा. समास कोरा होता. मजकुरावर एक रेघ नाही, एक टिंब नाही. शेवटच्या वाक्याखाली, अगदी लहान अक्षरात, 'स्वच्छ प्रत'.

दोन वर्षांतला पहिला! मी धावत दादाजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि मला म्हणाले, "आता तुही बदली होते पाह्य."

पण घरी येताना वाटलं, थकले असतील मधुकरराव. नाहीतर त्या शेवटच्या वाक्यावर त्यांनी निदान 'पुरावा?' असं तरी लिहिलं असतं.

२९ एप्रिल

गेला! अहवाल गेला!

पाच वाजता मधुकरराव उठले, ड्रॉवरला कुलूप न लावता उठले, आणि एक बंद लिफाफा स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. दादाजींच्या हाती नाही दिला. मग टोपी घातली आणि पोस्ट बंद व्हायच्या आत जायचं आहे म्हणून निघून गेले. पाच वाजता घरी निघालेले मधुकरराव मी आजवर पाहिले नव्हते. ते सहाला जातात.

साहेबांनी मला बोलावलं. लिफाफा फोडलेला होता. म्हणाले, "आत काय आहे ते सांगता येत नाही, गोपनीय आहे. पण माझ्या नोकरीत एवढा लहान अहवाल मी पाहिला नाही. घाबरू नका." मग खिडकीबाहेर पाहून म्हणाले, "माझ्याबद्दल कोणी असं एक वाक्य लिहिलं असतं तर मी आज इथे नसतो."

हे चांगलं की वाईट, ते मला अजून नीट कळलेलं नाही. घाबरू नका म्हणाले, एवढं मात्र नक्की ऐकलं.

३० एप्रिल

हॉलमध्ये सतरंज्या, खुर्च्या, संत्र्याची बर्फी, चिवडा. शामलाबाईंना दोन ओळींची कविता म्हणायची होती, ती त्यांनी म्हटली. मग मी मानपत्र वाचलं. नाव आता खरं होतं. वाचताना एकदा वर पाहिलं, मधुकरराव दगडासारखे बसले होते. आपल्यावरचं मानपत्र ढोबळ्यांच्या नावानं आपल्याच हातून आठ वेळा गेलं, हे कळून माणूस दचकायला हवा. ते दचकले नाहीत.

नंतर दादाजी मला म्हणाले, "काहून दचकतीन? निवृत्तीची यादी त्यायच्याच टेबलावर असते. कळमन्याले ढोबळे नावाचा मानूसच नाई, हे त्यायले पहिल्याच दिवशी मालूम." मग मला हे आधी का नाही सांगितलं? "तू इचारलं नाई." धन्य आहे हे कार्यालय! म्हणजे माझी सगळी सोंगं त्यांनी पहिल्यापासून ओळखली. 'कुटुंबवत्सल'वरची ती रेघही मग ढोबळ्यांसाठी नव्हती.

उत्तराला मधुकरराव उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता निदान पंधरा मिनिटं. ते म्हणाले, "मानपत्रातल्या शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती सुचवतो. ते वाक्य काल सायंकाळी पाचपर्यंत बरोबर होते. काल दोन कागद गेले." आणि बसले. मानपत्रालाही शेरा! अख्खा हॉल हसला. ते हसले नाहीत, पण त्यांनी बर्फी दोनदा घेतली.

दोन कागद. एक माझा. दुसरा कोणता? सावनेरच्या दाव्यात तडजोड झाली असावी. झाली असेल तर बरंच आहे. या वयात तारखा करायच्या म्हणजे हाल.

सगळे गेल्यावर टेबलावर पाहिलं तर एक लिफाफा, त्यावर माझं नाव. आत त्यांची लाल पेन्सिल. बोटभर उरलेली, नीट टोक केलेली. चिठ्ठी नाही.

३ मे

हुकूम आला. 'कायम करण्यात येत आहे.' साहेबांची सही, जावक क्रमांक, सगळं. आईनं तो दिव्याजवळ धरून अक्षर न् अक्षर वाचला आणि मग उशीखाली ठेवला.

"मशीन बंद?" मी म्हटलं.

"तुह्या लगनाचा ब्लाउज शिवला का बंद."

यावरून भांडण लांबलं. माझी हार झाली.

५ मे, सोमवार

साडेअकरा वाजता दारात एक बाई उभी राहिली. तिशीची असेल. हातात पिशवी, बोटाला चार-पाच वर्षांची मुलगी. "खानझोडे साहेब इथंच बसतेत न?"

मी म्हटलं, बसायचे, तीस तारखेला निवृत्त झाले.

"ते ठाव आहे. पत्रात लिहिलं आहे. पण घर कुठं आहे त्यांचं? महाल भागातल्या जुन्या घरी जाऊन आले, तिथं तं दुसरेच लोक राहून राहिले." मग जरा थांबून म्हणाली, "मी जया. त्यांची मुलगी. सावनेरला असते."

सहा वर्षांचा दिवाणी दावा माझ्यासमोर उभा होता, आणि त्याची मुलगी आमच्या शाईच्या दौतीकडे हात नेत होती. मी उठून तिला माझी खुर्ची दिली. दादाजींनी न सांगता पाणी आणलं. त्यांनी तिला लहानपणी पाहिलं होतं. "मोठी झाली वं जया," एवढंच म्हणाले आणि तिच्या मुलीपुढे पाण्याचा पेला धरला.

जयानं तिच्या मनानं लग्न केलं होतं, खाणीतल्या एका ओव्हरसियरशी. त्या दिवसापासून बाप बोलला नाही. घरी पाठवलेलं पत्र परत यायचं म्हणून ती इथे, कार्यालयाच्या पत्त्यावर लिहू लागली. ही पत्रं परत यायची नाहीत, उत्तरही यायचं नाही. "मले वाटायचं, वाचतच नसतील." मी तिला सांगितलं, दोनदा वाचायचे.

मग तिनं पिशवीतून पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. मी नको म्हणत होते, पण ती म्हणाली, "पाहा तं खरं. बाबांनी हे असं लिहिलं, मले खरंच वाटून नाही राहिलं. माझा नवरा म्हणे, कोणी मस्करी केली असंल."

कार्यालयातला अर्धा कागद. वर एक लांबलचक आशीर्वाद सुरू करून खोडलेला. त्याखाली 'जया,'. 'तुझी पत्रे मिळाली', त्यात 'सर्व' हा शब्द वरून घुसडलेला. पुढे दोन ओळी खोडलेल्या. 'चूक दोन्हीकडून' हेही खोडून पुढे 'चूक माझी होती.' मग 'मी ३० ला निवृत्त होत आहे. मुलीला घेऊन ये.' सही. तारीखसुद्धा नाही. लाल कुठेच नव्हतं. सगळी खाडाखोड एकाच शाईत, एका बैठकीतली. सहा वर्षांचे सगळे मसुदे ड्रॉवरमध्ये ठेवून, त्या दिवशी पोस्ट बंद व्हायच्या आत त्यांनी कच्चाच कागद पाठवून दिला होता.

"शाळेत असताना माझी रजेची चिठ्ठी सात वेळा लिहून घेत होते," जया म्हणाली. ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. "अन् स्वतः पत्तासुद्धा नाही टाकला. ये म्हणतात, अन् कुठं ते सांगतच नाहीत!"

खरंच नव्हता. तीस वर्षांत ज्यानं जावक क्रमांकाशिवाय कागद सोडला नाही, त्या माणसाच्या पत्रात पत्ता नव्हता.

दादाजी तिला पोचवायला चपला घालून तयारच होते. मी म्हटलं, एक मिनिट. ड्रॉवरमधून ती लाल पेन्सिल काढली. समोर मधुकररावांचा मसुदा, खोडलेला, घाईचा, आणि हातात त्यांचीच पेन्सिल. दोन वर्षांचं उट्टं काढायला अशी संधी मला जन्मात पुन्हा मिळायची नव्हती. मी दादाजींना नवा पत्ता विचारला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं: 'गिट्टीखदान, पिठाच्या गिरणीची माडी.'

मोडलं होतं तेवढंच. बाकीच्याला हात लावला नाही.